टिचकी : एका लहानशा आवाजाचा इतिहास

'क्लिक' या शब्दाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न २००० नंतरच्या दशकात मराठी संकेतस्थळे चालवणाऱ्यांपुढे उभा राहिला. कुणी 'कळ दाबा' असे लिहिले, कुणी 'टिचकवा' म्हणून पाहिले, आणि बऱ्याच ठिकाणी 'येथे टिचकी मारा' हा प्रयोग रुळला. मला तो शब्द तेव्हा थोडा लाडिक वाटत असे. कॅरमच्या स्ट्रायकरला मारायची ती टिचकी, वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलाच्या कानामागे मारायची ती टिचकी. संगणकासारख्या गंभीर यंत्राशी तिचा काय संबंध, असे मनात येई. पुढे माझ्या लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडची टिचकी बंद पडली, तिच्या दुरुस्तीच्या निमित्ताने थोडी शोधाशोध झाली, आणि हा शब्द किती नेमका आहे ते कळले.

बिघाड म्हटला तर अगदी किरकोळ होता. पडद्यावरचा बाण बोटाबरोबर नीट फिरत होता, दोन बोटांनी पान वरखाली सरकत होते. फक्त दाबल्यावर 'टक्' असा जो आवाज होतो आणि बोटाला जो बारीकसा झटका जाणवतो, तो नाहीसा झाला होता. पहिले काही दिवस खालच्या उजव्या कोपऱ्यात जोर लावला की टिचकी लागे. नंतर तीही लागेना. मग प्रणालीच्या मांडणीत जाऊन 'नुसता स्पर्श म्हणजे टिचकी' हा पर्याय निवडला आणि काम पुन्हा सुरू केले. आवाज गेला होता, पण काम अडले नव्हते. म्हणजे बिघाड मिटला, असे मी धरून चाललो. पुढचे दोन महिने तो लॅपटॉप मी रोज रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपत होतो.

ही समजूत चुकीची होती. ती का झाली याचे उत्तर एका लहानशा आवाजाच्या सुमारे नव्वद वर्षांच्या इतिहासात आहे.

पत्र्याचा बेडूक

टिचकी मारताना आपण नेमके काय करतो? बोटाचे टोक अंगठ्याशी अडवून धरतो आणि बोट पुढे ढकलत राहतो. ताण साठत जातो, पण बोट हलत नाही. मग एका क्षणी अडसर अपुरा पडतो आणि बोट एकदम सुटते. ते किती वेगाने सुटावे हे त्या क्षणी आपल्या हातात नसते. साठलेला ताण ते ठरवतो. म्हणूनच हळूहळू टिचकी मारता येत नाही. ती लागते किंवा लागत नाही.

विजेच्या बटणाला नेमका हाच गुण हवा असतो. दोन धातूंचे तुकडे सावकाश जवळ आणले किंवा सावकाश दूर नेले, तर मधल्या अरुंद फटीत ठिणगी पडत राहते आणि धातू झिजतो. माणसाचे बोट तर कधी हळू दाबते, कधी घाईने. तेव्हा बोट कसेही दाबो, आतला संपर्क मात्र एका झटक्यातच जुळावा आणि एका झटक्यातच तुटावा, अशी रचना हवी होती. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्ट या गावी १९३२ साली अशा एका छोट्या बटणाची रचना झाली आणि पुढे तिला पेटंट मिळाले. 'मायक्रोस्विच' हे मुळात तिथल्या कंपनीचे व्यापारी नाव. पुढे ते त्या जातीच्या सगळ्याच बटणांचे सामान्यनाम झाले. त्यात वाकवलेली एक पातळ धातूची पट्टी असते. दाबत गेलो की ती ताण साठवते, आणि ठरावीक बिंदू ओलांडला की उलट्या बाजूला उडी घेते. 'टक्' हा आवाज त्या उडीचा.

जत्रेत मिळणारा पत्र्याचा बेडूक ज्यांनी वाजवला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. बेडकाच्या पोटाशी थोडीशी फुगीर पोलादी पट्टी असते. ती अंगठ्याने दाबली की 'टक्', सोडली की पुन्हा 'टक्'. त्या पट्टीला दोनच अवस्था मान्य असतात. मधे थांबणे तिला ठाऊक नाही. लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडखाली असते ती याच बेडकाची चिमुकली आवृत्ती : पोलादी पत्र्याची काही मिलिमीटर रुंदीची एक घुमटी. घुमटी दबली की तिचा मध्य खालच्या संपर्काला टेकतो आणि मंडल पूर्ण होते.

यातला महत्त्वाचा भाग असा की आवाज कुणी मुद्दाम घातलेला नव्हता. तो धातूच्या हालचालीतून आपोआप निघत होता, आणि म्हणूनच त्या हालचालीचा पुरावा होता. चांदीचा रुपया फरशीवर वाजवून घेण्याची रीत आपल्याकडे होती, ती याच न्यायाने. नाणे खणखणीत वाजले तर घ्यायचे, बद्द वाजले तर परत करायचे. कारण आवाज नाण्याच्या धातूचाच असे, तो वरून चिकटवता येत नसे. अर्थात हा पुरावा अगदी निर्दोष नव्हता. संपर्कावर गंज चढला की घुमटी वाजते, पण मंडल जुळत नाही. जुनी झालेली पट्टी उडी घेतल्यावर क्षणभर थरथरते आणि एका दाबण्याच्या दोन टिचक्या मोजल्या जातात. म्हणून यंत्राला पहिल्या संपर्कानंतर काही मिलिसेकंद थांबायला शिकवावे लागते. साक्षीदार कधीकधी खोटे बोलत होता, पण त्याची उलटतपासणी घेता येत होती.

लाकडी ठोकळा

हे बटण माणसाच्या हाताखाली आले ते कॅलिफोर्नियात, मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माउस तयार केला : एक लाकडी ठोकळा, त्याच्या पोटाशी परस्परांशी काटकोनात बसवलेली दोन चाके, आणि वर कोपऱ्यात एकच बटण. पडद्यावरच्या मजकुराकडे निर्देश करण्यासाठी कोणते साधन सर्वांत सोयीचे, याची त्यांनी पद्धतशीर तुलना केली. प्रकाशलेखणी, जॉयस्टिक, माउस, एवढेच काय, टेबलाखाली गुडघ्याने चालवायचे एक साधनही त्या चाचणीत होते. सरावलेल्या लोकांत माउसने बाजी मारली. नवख्या लोकांचे मात्र गुडघ्यावर बरे चालले होते, ही नोंद वाचून गंमत वाटते. कपाळी काय लिहिले होते आणि आपण कशातून वाचलो!

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट यांनी सुमारे दीड तासाचे जे प्रात्यक्षिक दिले, ते संगणकाच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. तोवर माउसवर तीन बटणे आली होती. डाव्या हाताखाली पाच कळांचा एक वेगळा संच असे. त्या कळा आणि माउसची बटणे एकत्र दाबून अक्षरे आणि आज्ञा देता येत. वाद्य शिकावे तसे हे शिकावे लागे. एंगेलबार्ट यांना त्याचे वावगे वाटत नव्हते. तीनचाकी सायकल लगेच चालवता येते, दुचाकी शिकावी लागते, पण म्हणून कुणी जन्मभर तीनचाकीवर बसत नाही, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या माउसला १७ नोव्हेंबर १९७० रोजी पेटंट मिळाले. पेटंट संस्थेच्या मालकीचे होते. एंगेलबार्ट यांना त्यातून स्वामित्वधन मिळाले नाही.

एकच बटण

एंगेलबार्ट यांचे काही सहकारी, त्यांत बिल इंग्लिशही, पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात गेले. तिथल्या १९७३ च्या 'आल्टो' संगणकाच्या माउसवर तीन बटणे होती. १९८१ साली बाजारात आलेल्या झेरॉक्सच्याच 'स्टार'वर दोन उरली. १९८३ च्या जानेवारीत ॲपलचा 'लिसा' आला आणि १९८४ च्या जानेवारीत 'मॅकिंटॉश' आला, तेव्हा एकच.

बटणे इतकी कमी का झाली? झेरॉक्समधून ॲपलमध्ये आलेले लॅरी टेस्लर हे एका बटणाचे खंदे पुरस्कर्ते होते. नवशिक्या माणसांना प्रत्यक्ष समोर बसवून त्यांचे कुठे अडते हे पाहण्याची त्यांची पद्धत होती. अनेक बटणे असली की माणूस पडद्यावरची नजर काढून हाताकडे बघतो. एकच असले तर चुकीचे बटण दाबायची सोयच उरत नाही. 'कट' आणि 'पेस्ट' या आज सर्वांच्या हातात बसलेल्या क्रियाही टेस्लर यांच्या नावाशी जोडलेल्या आहेत. २०२० च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले, तेव्हा या क्रियांचीच आठवण सगळीकडे निघाली. हाताकडे बघू नये म्हणून त्यांनी धरलेला एका बटणाचा आग्रह मात्र तितका आठवला गेला नाही.

या निर्णयाने टिचकीचा अर्थ बदलला. एंगेलबार्ट यांच्या प्रणालीत बटण हे मोठ्या वर्णमालेतले एक अक्षर होते. आता ते एकमेव अक्षर झाले. 'हे', 'हो', 'उघड', 'पुसून टाक' हे सगळे एकाच 'टक्'ने सांगायचे. एक टिचकी म्हणजे निवड, लागोपाठ दोन म्हणजे उघडणे; दोहोंमधला काळ यंत्र मोजणार. माणसाच्या बाजूने तो होकार होता आणि यंत्राच्या बाजूने त्या होकाराची पोच. पोस्टाच्या खिडकीवर शिक्का आपटल्याचा आवाज आला की पाकीट पोचले की नाही याची निम्मी काळजी मिटते, तसे काहीसे. संगणकाच्या आत काय चालते हे न कळणारी कोट्यवधी माणसे पुढची काही दशके या एका पोचपावतीवर विसंबून राहिली.

टेबलावरून मांडीवर

संगणक टेबलावरून मांडीवर आला तेव्हा माउस फिरवायला जागाच उरली नाही. १९८३ च्या 'गॅव्हिलन' या अगदी सुरुवातीच्या लॅपटॉपमध्ये कळफलकाच्या वरच्या बाजूला स्पर्शाने चालणारी पट्टी होती. पण ती कंपनी लवकरच बुडाली आणि तिच्याबरोबर ती कल्पनाही काही काळ मागे पडली. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ॲपलच्या 'पॉवरबुक'ने कळफलक पडद्याकडे ढकलला, पुढे तळहात टेकायला जागा केली आणि त्या जागेच्या मधोमध एक गोळा बसवला. बोटांनी फिरवायच्या त्या गोळ्याखाली धूळ आणि घाम साचे आणि तो वरचेवर काढून पुसावा लागे. आयबीएमने १९९२ मध्ये 'थिंकपॅड'च्या कळफलकात मधोमध एक लाल टिकली बसवली. टेड सेल्कर यांच्या संशोधनातून आलेली ही टिकली बोटाच्या दाबाची दिशा ओळखत असे. तिचे भक्त आजही आहेत.

आज जो ट्रॅकपॅड आपण ओळखतो, त्याची पद्धत जॉर्ज गेर्फाइड यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली. ॲपलने ती परवान्याने घेतली आणि १९९४ च्या मे महिन्यात पॉवरबुक ५०० या मालिकेत वापरली. या पट्टीच्या पृष्ठाखाली बारीक विद्युतवाहक रेषांची उभी-आडवी जाळी असते. जवळ आलेले बोट स्वतः विद्युतवाहक असल्याने त्या जाळीतले विद्युतक्षेत्र किंचित बदलते. कोणत्या रेषांपाशी किती बदल झाला यावरून बोट कुठे आहे हे यंत्र काढते. पेन्सिलीच्या लाकडी टोकाला ही पट्टी दाद देत नाही आणि ओल्या बोटाने गोंधळते, ते यामुळे.

परंतु या पट्टीला स्पर्श कळत होता, दाब कळत नव्हता. म्हणून तिच्याखाली वेगळे बटण ठेवावेच लागले. कामाची वाटणी अशी झाली : 'कुठे' हे विजेने सांगायचे, 'हो' हे पोलादाने. बिघाडाच्या दृष्टीने ही व्यवस्था फार प्रामाणिक होती. बाण हलत नसेल तर दोष पट्टीत किंवा तिच्या आज्ञावलीत. बाण हलतो पण टिचकी लागत नसेल तर दोष बटणात. बटण झिजले तर त्याचा आवाज आधी मवाळ होई, मग बद्द होई, मग बंद पडे. कुणाही जाणत्या माणसाने उघडून ते बदलावे.

याच काळात एक नवा पर्यायही आला. बोट क्षणभर टेकवून उचलले, तर त्यालाच टिचकी मानायचे. इथे घुमटी नाही, आवाज नाही. बोट किती वेळ टेकले आणि किती सरकले यावरून आज्ञावली अंदाज बांधते. तो चुकतोही. लिहिताना तळहाताचा कड लागून मजकूर भलतीकडे गेल्याचा अनुभव कुणाला नाही? ते टाळण्यासाठी कळफलकावर ट्रॅकपॅड बंद करण्याची कळ आली, आणि ती नकळत दाबली गेल्याने 'मेलेले' किती ट्रॅकपॅड दुरुस्तीच्या दुकानात पोचले असतील, त्याची गणती नाही.

टिचकीची बाजू घेताना एक गोष्ट विसरता कामा नये. ती फुकट नव्हती. दिवसातून हजारो वेळा घुमटी दाबणाऱ्या बोटांच्या स्नायुबंधांनी तिची किंमत मोजली आहे. डेलावेअर विद्यापीठात संशोधन करणारे वेन वेस्टरमन यांना हाताच्या अशाच दुखण्याने ग्रासले होते. दाबण्याचे श्रमच नकोत, या गरजेतून त्यांनी आणि जॉन इलायस यांनी एकाच वेळी अनेक बोटे ओळखणारे पृष्ठ तयार केले आणि १९९८ साली 'फिंगरवर्क्स' ही कंपनी काढली. २००५ मध्ये ॲपलने ती घेतली. दोन बोटांनी पान सरकवणे, चिमटीने चित्र लहानमोठे करणे ही आज सहज वाटणारी भाषा घडण्यात एका दुखऱ्या हाताचा वाटा आहे. तेव्हा आवाज गेला म्हणून केवळ हळहळणे बरोबर नाही. कुणासाठी तरी ती सुटका होती.

बटण गेले, घुमटी राहिली

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलने काचेच्या पृष्ठाचा ट्रॅकपॅड आणला आणि त्याखालचे वेगळे बटण काढून टाकले. आता सगळी पट्टीच बटण झाली. तिची वरची, कळफलकाकडची कड बिजागरीवर बसवलेली. खालची कड दाबली की पट्टी दरवाजासारखी किंचित कलते आणि कडेजवळच्या घुमटीवर टेकते. वरच्या बाजूला दाबून टिचकी जवळजवळ लागत नाही, त्याचे कारण हेच. बिजागरीजवळ ढकलून दार उघडायला जसा जास्त जोर लागतो तसे. पुढच्या काही वर्षांत इतर कंपन्यांनीही हीच रचना उचलली. पट्टी मोठी झाली, देखणी झाली.

याच सुमारास लॅपटॉप पातळ होत गेले. पूर्वी मागून खटका सरकवून काढता येणारी बॅटरी आता आत कायमची बसवली जाऊ लागली, आणि पुष्कळ यंत्रांत तिला जागा मिळाली ती तळहाताखाली, म्हणजे ट्रॅकपॅडच्या आजूबाजूला किंवा थेट खाली. लिथियम बॅटरीचे हे चपटे घट धातूच्या नळीत नसतात. पातळ पदराच्या पाकिटात असतात. वय, उष्णता आणि सतत पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहणे यांमुळे आतले द्रव्य विघटित होऊन वायू तयार होतो आणि पाकीट पापडासारखे फुगते. वर असते ती पट्टी. तिला खाली जायला जी एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची जागा लागते, ती जागाच उरत नाही. टिचकी बंद पडते.

माझे तेच झाले होते. शेवटी झाकण नीट मिटेना, तेव्हा मी पुण्यात बुधवार पेठेतल्या एका लहानशा दुकानात गेलो. दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने यंत्र सुरूही केले नाही. काचेच्या टेबलावर ठेवून दोन बोटांनी कोपरा दाबला. लॅपटॉप डुगडुगला.

"काका, आवाज कधीपासून गेलाय?"

"दोन महिने झाले असतील. पण स्पर्शाने चालत होतं."

"आवाज गेला तेव्हाच यायचं होतं. वर दाबत होतात, खाली हे होतं."

त्याने मागचे झाकण काढून दाखवले. तीन चपट्या घटांपैकी मधला उशीसारखा टम्म फुगला होता. अशा घटाला टोच बसली किंवा आतले पडदे दाबाखाली एकमेकांना भिडले, तर तो पेट घेऊ शकतो. आणि मी रोज त्यावर अंगठ्याने जोर देऊन टिचकी लागते का ते पाहत होतो. त्याने बॅटरी काढून वाळूच्या डब्यात ठेवली, नवी बसवण्याआधी पट्टीच्या मागच्या बाजूचा एक इवलासा स्क्रू पाव आटा फिरवला, आणि वरून दाबून पाहिले. टक्. त्या पिढीच्या अनेक यंत्रांत हा स्क्रू असतो; टिचकी किती खोल लागावी हे त्याने ठरते. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या फ्रीपोर्टच्या बटणाशी असलेले नाते त्या पाव आट्यात मला दिसले.

न हलणारी टिचकी

हा इतिहास इथे संपला असता तर सोपे झाले असते. पण २०१५ च्या मार्चमध्ये ॲपलने जो ट्रॅकपॅड आणला, त्यात घुमटी नाही, बिजागरी नाही आणि पट्टी कलतही नाही. चार कोपऱ्यांवरचे संवेदक दाब मोजतात. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की एक विद्युतचुंबक पट्टीला क्षणभर हिसका देतो. हिसका आडवा असतो, पण बोटाला वाटते की पट्टी खाली गेली. त्वचेला असे फसवता येते हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होते. गॅब्रिएल रोब्लेस-दे-ला-तोरे आणि व्हिन्सेंट हेवर्ड यांनी २००१ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिले होते की बोटावरचे आडवे बल नीट योजले, तर खळगा असलेल्या जागी माणसाला उंचवटा जाणवतो.

असा लॅपटॉप पूर्ण बंद करून ट्रॅकपॅड दाबून पाहावा. ती नुसती काच असते. चालू केला की त्याच काचेत टिचकी येते, आणि ती हलकी हवी की जोरकस, हे मांडणीत जाऊन ठरवता येते. झिजायला पोलादी पट्टी नाही, वरच्या कडेला दाबले तरी तीच टिचकी. सोयीच्या दृष्टीने ही सुधारणाच आहे. फक्त तो आवाज आता हालचालीचा पुरावा राहिलेला नाही. तो यंत्राने केलेले निवेदन आहे. रुपया वाजत नाही. रुपया वाजल्याचा आवाज ऐकवला जातो.

म्हणून 'टिचकी लागत नाही' या एकाच वाक्याचे आज अनेक अर्थ होतात, आणि तपासाचे प्रश्न इतिहासाच्या थरांप्रमाणे विचारावे लागतात. बाण हलतो का? हलत असेल तर १९९४ ची जाळी शाबूत आहे. बाहेरचा माउस जोडून टिचकी लागते का? तीही लागत नसेल तर दोष आज्ञावलीत आहे. यंत्र बंद करून सुरू करावे, मांडणी पाहावी, कळफलकावरची बंदीची कळ पाहावी. बाहेरच्या माउसने सगळे सुरळीत चालत असेल, तर यंत्र बंद करून पट्टी दाबावी. जुन्या रचनेची पट्टी बंद यंत्रातही 'टक्' म्हणायलाच हवी. म्हणत नसेल तर घुमटी, स्क्रू, कडेच्या फटीत अडकलेला कचरा, नाहीतर बॅटरी. नव्या रचनेची पट्टी बंद यंत्रात गप्पच राहणार, तिच्या मौनावरून काही ठरत नाही. आणि रचना कोणतीही असो, हे सगळे करण्यापूर्वी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून डुगडुगतो का ते पाहावे. डुगडुगला, झाकण मिटेना, पट्टी एका बाजूने उचललेली दिसली, तर चार्जर काढावा, यंत्र बंद करावे आणि दाबणे थांबवावे. ती बॅटरी घरच्या कचऱ्यातही टाकू नये; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

माझ्या चुकीचे मूळ मला आता दिसते ते असे. आवाज ही सजावट आहे, असे मी गृहीत धरले होते. ते गृहीतक २०१५ नंतरच्या यंत्राला लागू पडते. माझे यंत्र त्याआधीचे होते आणि आपले गाऱ्हाणे त्याला माहीत असलेल्या एकमेव भाषेत सांगत होते. स्पर्शाची टिचकी सुरू करून मी त्या तक्रारीचे तोंड तेवढे बंद केले. यंत्रे जसजशी आपल्याशी गोड बोलायला शिकतात, तसतशी त्यांच्या आत काय चालले आहे हे ऐकण्याची आपली सवय मोडते. त्याच वर्षी, २०२२ च्या जुलैमध्ये, आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'चा विचार करण्यासाठी समिती नेमली. सुटे भाग आणि माहितीपत्रके मिळणे हा त्या हक्काचा भाग आहेच. पण बिघडलेल्या वस्तूने आपला बिघाड आपल्याला सांगावा, हेही त्यात मोडायला हवे असे मला वाटते.

आमच्या आजीच्या काळी बाजारातून माठ आणताना त्याला टिचकी मारून पाहत. न टिचलेला माठ वेगळा वाजे, टिचलेला वेगळा. टिचणे आणि टिचकी हे शब्द इतके जवळचे आहेत याकडे मी कधी लक्ष दिले नव्हते. त्या तरुणाने कोपरा दाबून लॅपटॉप डुगडुगवून पाहिला, तोही एक प्रकारे माठच वाजवत होता. आता महिन्यातून एकदा मीही तो टेबलावर ठेवून पाहतो, आणि बंद असताना एकदा दाबून पाहतो. अजून वाजतो.